घरच्या घरी कोळंबी-टोफूचा पोके बाउल: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र लांबच. मुंबई जवळपास चारशे किलोमीटर, रत्नागिरीही साडेतीनशेच्या आसपास. तरी पोके बाउल घरी कसा करायचा, हे मला नातेवाइकांनी, ऑफिसातल्या मित्रांनी, सोसायटीतल्या वहिनींनी इतक्या वेळा विचारलं की उत्तरं एकदाची लिहून काढली. आमच्या घरी खाणारी माणसं तीन तऱ्हेची. बायको रत्नागिरीची, मासळीशिवाय तिचा रविवार जात नाही. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. मुलीला ताटात चार रंग दिसले तरच ती जेवते. कोळंबी आणि टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, एका पदार्थात आले ते या तिघींमुळे.

पोके म्हणजे नक्की काय? उच्चार कसा करायचा?

उच्चार ‘पो-के’. हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ ‘आडवे तुकडे कापणे’. तिथले कोळी ताज्या मासळीचे लहान तुकडे करत, त्यात समुद्री मीठ, लिमू नावाचं समुद्री शेवाळ आणि कुकुईच्या झाडाच्या भाजून कुटलेल्या बिया घालत आणि तसंच खात. भात, सॉस, भाज्या, वाडगा हे सगळं नंतरचं.

सोया सॉस आणि तिळाचं तेल त्यात कसं आलं, हे सोलापूरच्या माणसाला चटकन कळेल. हवाईत उसाचे मोठे मळे होते. ऊस तोडायला आणि कारखान्यांत राबायला जपानहून मजूर आणले गेले. १८८५पासून तर करार करून मोठ्या संख्येने. पुढे कोरियातूनही माणसं आली. प्रत्येकजण आपली बरणी घेऊन आला आणि ती शेजाऱ्याच्या ताटापर्यंत गेली. आपल्याकडेही १८७७च्या जुन्या मिलपासून कापडाच्या धंद्यामागे तेलुगू विणकर आले, कानडी माणसं तर आधीपासून होतीच. आता आमटी कुणाची आणि पोडी, म्हणजे तेलुगू कोरडी चटणी, कुणाची हे आपण विचारत नाही. वाडग्यात भात घालून वर मासा आणि भाज्या रचायची आजची पद्धत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २०१०नंतरच्या दशकात फोफावली आणि तिथून जगभर गेली.

पोकेत मासा कच्चा असतो ना? मग सोलापुरात कच्चाच घालायचा का?

नाही. हे उत्तर मी कधीच सौम्य करत नाही.

हवाईचा कोळी सकाळी धरलेला मासा दुपारी खातो. आपल्याकडे पोचलेली मासळी बोटीतून उतरते, बर्फात भरली जाते, ट्रकमध्ये किंवा रेल्वेत रात्र काढते आणि मग बाजारात मांडली जाते. या वाटेवर बर्फ किती वेळा वितळला, हे आपल्याला कुणी सांगत नाही. शिजवून खायला ती मासळी उत्तम असू शकते, कच्ची खायला नाही.

दुसरी बाब जंतांची. समुद्री माशांत अ‍ॅनिसाकिससारखे जंत असू शकतात. ते मरावेत म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलेली पद्धत अशी: मासा उणे २० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून खाली सात दिवस ठेवायचा, नाहीतर उणे ३५ अंशांना कडक होईपर्यंत गोठवून त्याच तापमानाला १५ तास. घरचा फ्रीजर जेमतेम उणे १८ अंशांपर्यंत जातो. शिवाय दिवसातून दहा वेळा उघडला जातो, त्यात उन्हाळ्यात वीज जाते. म्हणजे ‘आठवडाभर फ्रीजरमध्ये होता’ या भरवशावर मासा कच्चा खायचा नाही. आणि गोठवल्याने जंत मेले तरी जीवाणू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. बर्फ वितळला की पुन्हा वाढू लागतात.

पाकिटावर ‘सुशी ग्रेड’ लिहिलंय असंही लोक सांगतात. त्या शब्दाला कायद्याने बांधलेली व्याख्या नाही. विकणाऱ्याचा तो शब्द आहे, त्यावर पोट ठेवू नका.

म्हणून आमच्या घरी मासळी शिजवलेली असते आणि चौकोनी, थंड, मसाल्यात मुरलेल्या तुकड्यांची जागा टोफू घेतो. मला यात तडजोड वाटत नाही. ज्या गावात जे ताजं, त्याचे तुकडे करून मुरवायचे, हाच तर पोकेचा मूळ विचार. आपल्याकडे ताजं काय? सोयाबीन. बार्शीच्या बाजारात ढिगांनी येतं, पलीकडच्या लातूरला तर त्याची मोठी पेठच आहे. या वाडग्यात कोळंबी पाहुणी आणि सोयाबीन घरचं, असं मी धरून चालतो.

मासा लिंबाच्या रसात मुरवला तर शिजतो म्हणतात. ते चालेल?

लिंबाने मासा पांढरा आणि घट्ट होतो, कारण आंबटपणाने त्यातली प्रथिनं गोठतात. दिसायला शिजल्यासारखा, पण जीवाणू आणि जंत त्याने खात्रीने मरत नाहीत. आधी शिजवा, मग लिंबू पिळा.

उजनीची मासळी ताजी मिळते. ती वापरावी का?

भिगवणच्या बाजूची मासळी खरंच ताजी असते, आणि गोड्या पाण्यातली ही मासळी रश्शात मला समुद्राच्या मासळीपेक्षा जास्त आवडते. पण गोड्या पाण्यातला मासा कधीही कच्चा खाऊ नका, अगदी डोळ्यांदेखत पकडला असला तरीही. आग्नेय आशियात कच्च्या गोड्या मासळीतून यकृतात चपट्या कृमी जाण्याचा त्रास जुना आहे.

शिजवून वापरायची तर रोहू-कटला टाळा. त्यांच्या बारीक काट्यांमुळे गप्पा मारत, चमच्याने खायच्या पदार्थात घशाशी येईल. मरळ चांगली, काटे कमी आणि मांस घट्ट. चिलापीच्या बिनकाट्याच्या तुकड्याही चालतात. हळद-मीठ लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी परता, गार झाल्यावर तुकडे करा. आधी तुकडे करून परतले तर चुरा होतो.

समुद्राचं काय घ्यायचं, आणि चांगलं कसं ओळखायचं?

पहिल्यांदा करताय तर कोळंबीच घ्या, आपल्याकडे बरेचजण झिंगे म्हणतात तीच. काटा नाही, लवकर शिजते, मुलं खातात. भारतात बहुतेक कोळंबी तळ्यात वाढवलेली, वानामेई जातीची असते आणि तिचं सगळ्यात जास्त उत्पादन आंध्र प्रदेशात होतं. ती कमी दर्जाची मानायचं कारण नाही. उलट आकार सारखा असल्याने सगळी एकदम शिजते.

ओळखायची कशी, हे मला बायकोने शिकवलं. कवच अंगाला चिकटलेलं आणि ओलसर चकचकीत हवं. डोकं धडाला घट्ट हवं. उचलल्यावर लोंबत असेल तर परत ठेवा. दाबल्यावर मांस वर यायला हवं. आणि वास. ताज्या कोळंबीला समुद्राचा, खारट, हलका वास असतो. नाकात झोंबणारा, नवसागरासारखा वास आला तर भाव निम्मा केला तरी घेऊ नका. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी कौतुकाने अशीच कोळंबी आणली होती. तिने पिशवी उघडली, काही न बोलता गाठ मारली आणि पिशवी बाहेर ठेवली. तेव्हापासून बाजारात मी आधी वास घेतो.

गोठवलेलं पाकीट घेतलं तरी उत्तम, आणि एप्रिल-मेमध्ये मी तेच घेतो. पाकिटावर ३१/४० असे आकडे असतात. त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे साधारण ४५० ग्रॅममध्ये, तितके नग. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी. पोकेसाठी ३१/४० किंवा ४१/५० पुरे. आत बर्फाचे मोठे खडे जमले असतील तर माल मध्ये वितळून पुन्हा गोठलाय असं समजा. कोळंबी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मोकळी करा, ओट्यावर नाही.

माकूळ (स्क्विड) आवडत असेल तर त्याच्या गोल चकत्या एक-दीड मिनिटच शिजवा. त्याच्या पुढे गेलं की रबर, आणि मग अर्धा-पाऊण तास शिजवल्याशिवाय मऊ होत नाही. सुरमई किंवा कुपा (ट्यूना) घेतला तर तव्यावर आतपर्यंत शिजवा.

कुपा, बांगडा, सुरमई या मासळीबद्दल एक इशारा. बर्फाविना राहिली तर तिच्यात हिस्टामीन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. एकदा तयार झालेलं हिस्टामीन शिजवूनही जात नाही. उन्हात उघड्या टोपलीतला बांगडा घेऊ नये, तो यासाठी.

आणखी एक गोंधळ: रावसला ‘इंडियन सामन’ म्हणून विकतात. रावस हा वेगळाच मासा आहे, नारिंगी सामनशी त्याचं नातं नाही. मासा छान आहे, फक्त चित्रातल्यासारखा रंग येईल अशी अपेक्षा धरू नका.

कोळंबी किती वेळ शिजवायची? माझी चिवट होते.

जास्त शिजते म्हणून. कवच काढा, पाठीवरून चीर देऊन काळा दोरा काढा. पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणा. त्यात मीठ, आल्याचा तुकडा, चार मिरी. कोळंबी टाका आणि आच बारीक करा. मध्यम आकाराला दोन मिनिटं, मोठीला तीन. खूण सोपी आहे: अंग पांढरं-गुलाबी झालं आणि चंद्रकोरीसारखं वळलं की झाली. शेपूट डोक्याच्या टोकाला चिकटून अंगठी झाली तर वेळ गेली. मधोमध कापून बघा, काचेसारखा भाग राहता कामा नये. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, नाहीतर ती स्वतःच्या उष्णतेने शिजतच राहते. मग निथळून फडक्याने कोरडी करा. ओल्या कोळंबीला सॉस धरत नाही.

टोफू कुठला घ्यायचा? पनीर चालणार नाही का?

दुकानात ‘सोया पनीर’ म्हणून मागा, पटकन मिळेल. घट्ट टोफू हवा. रेशमी टोफू वाडग्यात विरघळतो, तो सॉस घट्ट करायला ठेवा.

पनीर चालतं, पण त्यात दुधाची चरबी असते, त्यामुळे सॉस वरवर राहतो आणि फ्रीजमधून काढल्यावर ते कडक लागतं. टोफूचं अंग छिद्रांचं, दाबून पाणी काढलं की तो तितकाच सॉस आत ओढतो.

टोफूला चवच लागत नाही, ओलसर रबरासारखा लागतो. काय करू?

पाणी काढा. बहुतेकांचा टोफू याच एका पायरीवर बिघडतो. स्वच्छ पंचात गुंडाळा, वर पोळपाट, त्यावर भरलेला डबा, आणि अर्धा तास विसरून जा. मग दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा.

पुढे दोन वाटा आहेत. थंड टोफू आवडत असेल तर तुकडे दोन मिनिटं मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडा, निथळा आणि गरम असतानाच सॉसमध्ये घालून फ्रीजमध्ये तासभर ठेवा. मिठाच्या गरम पाण्याने तो घट्ट होतो आणि सोयाचा उग्रपणाही कमी होतो. कुरकुरीत हवा तर तुकड्यांना चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळा आणि बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात चारही बाजू लाल करा. तुकडे स्वतःहून सुटेपर्यंत हलवू नका. आमच्याकडे अर्धा थंड, अर्धा कुरकुरीत असतो. आई फक्त कुरकुरीत घेते.

टोफू घरी करता येतो का?

येतो, आणि एकदा केलात तर विकतचा आणावासा वाटणार नाही. पण आधी एक सावधगिरी, शेतकरी घरांसाठी खास: पेरणीसाठी आणलेलं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. खाण्यासाठी साठवलेलं किंवा किराणा दुकानातलं सोयाबीनच घ्या.

पाव किलो सोयाबीन निवडून, धुऊन आठ ते दहा तास भिजवा. थंडीत बारा तास लागतात. ते पाणी फेका. आता मिक्सरमध्ये वाटताना गार पाणी घालू नका, कढत पाणी घाला. सोयाबीनच्या दुधाला जो कच्च्या शेंगेसारखा वास येतो, तो वाटताना जागं होणाऱ्या एका विकरामुळे येतो आणि कढत पाण्याने ते विकर निकामी होतं. एकूण दोन लिटरच्या आत-बाहेर पाणी लागेल. पातळ कापडातून घट्ट पिळून घ्या. चोथा टाकू नका, थालीपिठात घाला, चांगला भाजून.

दूध मोठ्या पातेल्यात उकळा. हे दूध गाई-म्हशीच्या दुधासारखं कळवून वर येत नाही, एकदम फेसाने उसळतं. ढवळत राहा आणि उसळल्यानंतरही बारीक आचेवर दहा मिनिटं उकळा. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनेच जातात. इथे घाई केली तर पोट दुखेल. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. कपभर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे लिंबाचा रस मिसळा, तीन हप्त्यांत घाला आणि हलक्या हाताने एक-दोनदाच ढवळा. दहा मिनिटांत पिवळसर, नितळ पाणी वेगळं दिसेल. दिसलं नाही तर चमचाभर रस आणखी. कापडात ओतून वर दोन-तीन किलो वजन ठेवा, पाऊण तास.

जपानमध्ये यासाठी निगारी वापरतात, समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारा कडू अर्क, मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. त्याने टोफू जास्त गुळगुळीत होतो. लिंबाचा किंचित रवाळ होतो, पण पोकेत ते खटकत नाही. पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, रोज पाणी बदला, तीन दिवसांत संपवा.

भात कुठला? आणि ज्वारी चालेल का?

बासमती नको, त्याचे शितं वेगळी पळतात. इंद्रायणी घ्या, किंवा आंबेमोहोर. एक वाटीला दोन वाट्या पाणी, मऊ पण मोकळा. झाल्यावर परातीत पसरून कोमट करा. भातात व्हिनेगर घालण्याची पद्धत जपानी सुशीची. हवाईत पोके बऱ्याचदा साध्या भातावरच असतं. आवडत असेल तर एक वाटी तांदळाच्या भाताला एक मोठा चमचा व्हिनेगर, चमचाभर साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. दुकानातलं पांढरं व्हिनेगर तिखट असतं, बेताने घाला.

ज्वारी चालते, आणि मला ती भातापेक्षा बरी वाटते. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर तीच घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. रात्रभर भिजवा, तिप्पट पाण्यात मीठ घालून कुकरमध्ये शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर अर्धा तास. दाणा फुटू न देता मऊ व्हावा. सॉस पिऊनही तो चिकट होत नाही आणि दाताखाली छान लागतो. हुरड्याच्या दिवसांत, गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, मी भाजलेला हुरडाच खाली पसरतो. तो बाउल वर्षातून दोन-तीनदाच होतो आणि मुलगी त्याची वाट बघते.

सॉस कसा करायचा? घरातलं तिळाचं तेल घातलं तर चव वेगळी का लागते?

पोकेत लागतं ते भाजलेल्या तिळाचं तेल, रंगाने तपकिरी, थेंबभरही पुरे. आपल्या घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो भाजका वास नाही. उपाय घरात आहे: तीन चमचे घाण्याचं तेल अगदी मंद आचेवर कोमट करा, त्यात दोन चमचे खमंग भाजून भरडलेले तीळ घाला, गॅस बंद करून झाकून ठेवा. अर्ध्या तासात तेलाला वास धरतो. तीळ गाळायची गरज नाही.

चौघांसाठी चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे हे तेल, एका लिंबाचा रस, चमचाभर किसलेला गूळ, चमचाभर आल्याचा कीस, ठेचलेली एक लसूण पाकळी, एक बारीक चिरलेली मिरची. लिंबाऐवजी कधी बायको कोकमाचं आगळ घालते. मग सोया सॉस थोडा कमी करावा लागतो, कारण आगळ खारट असतं.

वरून मीठ अजिबात घालू नका. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत सांगितलीय. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर सॉस निम्मा करा आणि लिंबू वाढवा.

शेंगा चटणी घातली तर पोके बिघडेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मिठी मारायला तयार असतो. बिघडणार नाही. सुरुवातीला सांगितलेल्या त्या कुकुईच्या बिया आठवा. त्या भाजतात, मीठ घालून कुटतात, कुटता कुटता त्यांचं तेल सुटतं आणि तुकड्यांना लागतं. त्याला इनामोना म्हणतात. आता सोलापुरी शेंगा चटणी: दाणे भाजायचे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचे. जगाच्या दोन टोकांना दोन बायकांनी एकच गोष्ट केली, एकीने तिखटाशिवाय, दुसरीने तिखटासह. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी सॉसची वाटी बाजूला सारली आणि टोफूला नुसती शेंगा चटणी आणि लिंबू चोळलं. त्या दिवसापासून आमच्या घरी पोके म्हणजे हेच.

चटणी मिक्सरमधली कोरडी पूड नको, तेल सुटलेली, हाताला गोळा होणारी हवी. एका बाउलला एक चमचा भरून. चटणीत मीठ असतं, म्हणून सोया सॉस तेवढा कमी.

समुद्री शेवाळ मिळत नाही. त्याऐवजी काय?

मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन नोरीचे पापुद्रे मिळतात, चुरून घाला. नसेल तर जवळा घ्या. समुद्र लांब म्हणूनच तर आपल्याकडच्या आठवडी बाजारात सुकट, जवळा, सुके बोंबील विकायला येतात. मूठभर जवळा निवडा, चाळा, कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजा. गार झाल्यावर दोन चमचे भाजलेले तीळ, चिमूटभर तिखट, किंचित साखर घालून जाडसर चुरा. जपानी लोक भातावर फुरिकाके भुरभुरतात त्यातही सुकी मासळी, तीळ आणि शेवाळच असतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका काकूंनी मला तिळाची पोडी दिली होती, शाकाहारी बाउलवर मी तीच घालतो.

अ‍ॅव्होकॅडो घालावाच लागतो का?

नाही. मूळ पदार्थात तो नव्हता. मऊपणा हवा तर रेशमी टोफू लिंबू-मीठ घालून फेटा. काकडी, गाजर, मुळा, पातीचा कांदा, कोबीच्या बारीक पट्ट्या, उकडलेला सोलाणा यातलं जे ताजं ते घ्या. मार्च-एप्रिलात कैरीचे बारीक तुकडे फार छान लागतात. आणि डाळिंब. ते सोलापूरचं, त्यालाही २०१६चं मानांकन आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रसुद्धा २००५पासून इथेच आहे. खारट-तिखट टोफूमध्ये भगव्या डाळिंबाचा दाणा फुटला की जे होतं, ते अ‍ॅव्होकॅडोने होत नाही. चिरलेल्या भाज्या आधी स्वच्छ पाण्यात नीट धुवा, कारण त्या कच्च्याच जाणार आहेत.

चौघांसाठी किती, आणि कामाचा क्रम कसा?

दोन वाट्या तांदूळ किंवा दीड वाटी ज्वारी, पाऊण किलो डोक्यासकट कोळंबी (सोलल्यावर निम्म्याच्या जरा वर उरते), ३०० ग्रॅम टोफू, दोन काकड्या, एक गाजर, एक डाळिंब. आधी टोफूवर वजन ठेवा. मग तेलाला तीळ लावा, भात चढवा, भाज्या चिरून फ्रीजमध्ये ठेवा. टोफू मुरायला घाला. कोळंबी सगळ्यात शेवटी, माणसं पाटावर बसायच्या थोडं आधी.

एकाच घरात माळकरी आणि मासे खाणारे आहेत. जमेल का?

आमच्याकडे जमतं, कारण क्रम पाळतो. आधी टोफू, भाज्या, भात आणि आईचा बाउल पूर्ण तयार होऊन झाकला जातो. त्यानंतरच कोळंबीची पिशवी उघडते. पातेलं, सुरी, फळी वेगळी, खूण केलेली. सॉसही दोन वाट्यांत आधीच विभागलेला. एकादशीला, सोमवारी आणि श्रावणात सगळ्यांचाच टोफूचा. आईने पहिल्यांदा बाउल पुढ्यात घेतला तेव्हा विचारलं, “हे भाकरीबरोबर का नाही?” तेव्हापासून तिच्या वाडग्यात खाली कडक भाकरीचा चुरा असतो. सॉस शोषून तो अर्धवट मऊ होतो, आणि खरं सांगतो, घरातला तोच सगळ्यात चांगला बाउल.

पाहुण्यांना द्यायचा आहे. काय विचारून घ्यावं?

कोळंबी, मासळी, सोया, तीळ, शेंगदाणे यांपैकी कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधीच विचारा. या एका वाडग्यात त्रास देणारे एवढे पदार्थ एकत्र येतात. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. जवळा भुरभुरण्याआधी तर विचाराच, तो दिसत नाही.

उन्हाळ्यात डब्यात देता येईल? उरलं तर?

सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वरचा पारा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ३२ अंशांच्या वर एकच तास, हा नियम इथे शब्दशः पाळा. भातही यातून सुटत नाही. त्यात उष्णतेला न मरणारे बीजाणू असतात आणि बाहेर राहिलेल्या भातात ते विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून कोळंबीचा बाउल डब्यात देऊ नका. टोफूचा द्यायचा तर बर्फाच्या पिशवीसह थर्मल डब्यात, आणि थंडीच्या दिवसांतच.

बाजारात जाताना मी घरून बर्फ भरलेला डबा नेतो, सकाळी लवकर जातो आणि मासळी सगळ्यात शेवटी घेतो. उरलेली शिजवलेली कोळंबी लगेच झाकून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायची. मिसळलेला बाउल ठेवू नका, काकडीला पाणी सुटतं. वेगवेगळं ठेवा. उरलेला टोफू, भात आणि चमचाभर शेंगा चटणी सकाळी तव्यावर परतली की फोडणीचा भात होतो, त्यावर कोथिंबीर घाला.